हिरडीतले जिवाणू सीरममध्ये मरत का नाहीत: नळीतला आकडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरडीच्या आजारातला जिवाणू २० टक्के मानवी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागात) तासभर ठेवला, तर प्लेटवर उगवणाऱ्या वसाहती ४० टक्क्यांनी घटल्या. ५६ अंशांवर तापवून मारण्याची ताकद घालवलेल्या सीरममध्ये त्या ३५ टक्क्यांनी घटल्या. शेजारच्या नळीतला ई. कोलाय मात्र साफ झाला. ल्युपेप्टिन हा अवरोधक घालून जिंजिपेन, म्हणजे जिंजिव्हॅलिसची प्रथिनं कापणारी विकरं, बंद केले, तरी जिवाणू तसाच टिकला. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हा तोंडातलाच दुसरा जिवाणू तर ८० टक्के सीरममध्येही हलला नाही. मग पहिल्याला ‘अंशतः संवेदनशील’ म्हणायचं का, दुसऱ्याला ‘प्रतिरोधक’ म्हणायचं का, आणि जिंजिपेनचा यात हात नाही असं लिहायचं का?

तिन्ही ठिकाणी नाही. आधी आकड्याचं बघू.

सुरुवातीला नळीत मिलिलिटरला वीस लाख जिवाणू होते असं धरा. हजारपट पातळ करून ५० मायक्रोलिटर पसरलं की प्लेटवर साधारण १०० वसाहती येतात. तासाभराने जिवंत सीरमच्या नळीतून ६० आल्या, तापवलेल्या सीरमच्या नळीतून ६५. तुलना १०० आणि ६० यांची करायचीच नाही, ती ६५ आणि ६० यांची करायची. ६० वसाहती मोजताना निव्वळ योगायोगाने होणारा फरकच आठ-एक वसाहतींचा असतो, म्हणजे १३ टक्के. तुमचा पाचाचा फरक त्याच्या पोटात मावतो. कॉम्प्लिमेंटने, म्हणजे सीरममधल्या जिवाणू मारणाऱ्या प्रथिनांनी, इथे कुणालाही मारल्याचं दिसत नाही. मधले ३५ टक्के गेले ते बहुधा हवेतल्या ऑक्सिजनमुळे, सेंट्रिफ्यूजच्या धक्क्यामुळे किंवा पेशी एकमेकींना चिकटल्यामुळे. सीरमने मारणं म्हणजे काय ते ई. कोलायच्या प्लेटवर बघा: दहा लाखांतले शे-पाचशे उरतात, कधी एकही उरत नाही. हा फरक लॉगमध्ये मोजतात, टक्क्यांत नाही; एक लॉग म्हणजे दहापट घट. शंभरातले दोन उरले तर घट १.७ लॉग. एका लॉगच्या आतल्या घटीवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, निदान तोंडातल्या विनॉक्सी (ऑक्सिजनविना वाढणाऱ्या) जिवाणूंच्या बाबतीत तरी.

आता तो मेला का नाही, याकडे वळू. सीरममधलं मारेकरी काम कॉम्प्लिमेंट नावाची तीसेक प्रथिनांची साखळी करते. प्रतिपिंड जिवाणूवर बसले की सी१ जागा होतो, हा क्लासिकल मार्ग. पृष्ठभागावरच्या शर्करा ओळखणारी मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन आणि फिकोलिन ही प्रथिनं लेक्टिन मार्ग सुरू करतात. तिसरा अल्टरनेटिव्ह मार्ग सतत मंद आचेवर चालू असतो आणि जिथे त्याला कुणी अडवत नाही तिथे भडकतो. तिन्ही मार्ग सी३ वर येऊन मिळतात. सी३ चे दोन तुकडे होतात, त्यातला सी३बी जिवाणूच्या अंगावर रासायनिक बंधाने कायमचा चिकटतो. पुढे सी५ फुटतो. सी५ए हा तुकडा पांढऱ्या पेशींना हाक मारायला सुटतो, आणि सी५बी स्वतःभोवती सी६, सी७, सी८ आणि सी९ च्या अठरापर्यंत प्रती जमवून पडद्यात दहा-अकरा नॅनोमीटरचं भोक पाडतो. यालाच मेम्ब्रेन अटॅक कॉम्प्लेक्स म्हणतात. बोलताना नुसतं मॅक.

साखळी लांब म्हणजे ती तोडायच्या जागाही पुष्कळ. म्हणून ‘सीरम-प्रतिरोध’ हा एक गुण नाही. जिवाणूने साखळी कितव्या कडीला तोडली, हा खरा प्रश्न. प्रयोग मांडताना हाच प्रश्न डोळ्यांसमोर हवा.

तुमचा सँग्विनिस इथेच निकालात निघतो. तो ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे. त्याच्या पडद्यावर वीस ते ऐंशी नॅनोमीटर जाडीची पेप्टिडोग्लायकनची भिंत असते आणि मॅकला तिच्यातून पडद्यापर्यंत पोचून भोक पाडता येत नाही. ८० टक्के काय, निव्वळ सीरममध्ये ठेवला तरी मरायचा नाही. हा त्याचा डावपेच नव्हे, अंगाची ठेवणच तशी. त्यामुळे स्ट्रेप्टोकॉकसवर सीरम-मारणाची चाचणी करून ‘प्रतिरोधक’ लिहिणं म्हणजे माशाला पाण्यात टाकून तो बुडाला नाही अशी नोंद करणं. कॉम्प्लिमेंट त्याला मारतं ते दुसऱ्याच्या हातून: अंगावर सी३बी आणि त्याचा पुढचा तुकडा आयसी३बी चिकटवून न्यूट्रोफिलला (जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला) तो गिळायला सोपा करून देतं. म्हणून त्याला विचारायचे प्रश्न दोन: अंगावर सी३ किती बसला, आणि न्यूट्रोफिल समोर असताना तो वाचतो का. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचा के सिरोटाइप (पृष्ठभागावरून ओळखला जाणारा उपप्रकार) याचं चांगलं उदाहरण आहे. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये रक्तातून मिळालेल्या स्ट्रेनवरून तो वेगळा काढला. त्याच्या भिंतीतल्या पॉलिसॅकराइडवर ग्लुकोजच्या बाजूच्या साखळ्या कमी असतात आणि पांढऱ्या पेशी त्याला सी सिरोटाइपपेक्षा कमी गिळतात. नुसत्या सीरममध्ये हा फरक कधीच दिसला नसता.

एक गोष्ट जाता जाता. तोंडातून रक्तात शिरणारे आणि हृदयाच्या झडपांवर बसणारे जिवाणू म्हणून ज्यांची सर्वांत जास्त धास्ती घेतली जाते, ते हे व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकसच. म्हणजे ज्यांच्यामुळे रुग्ण दगावतो त्यांच्यासाठी ही चाचणी निरुपयोगी, आणि जिथे ती उपयोगी तिथे जिवाणू बहुतांशी हिरडीच्या खाचेत राहतात. पण खाच म्हणजे सीरमपासून सुरक्षित जागा असं समजू नका. सुजलेल्या हिरडीच्या खाचेत झिरपणारा स्राव हा जवळजवळ सीरमच असतो. त्यातलं कॉम्प्लिमेंट सीरमच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत असल्याचं धरलं जातं. शिवाय दात घासतानाही जिवाणू रक्तात जातात. पीटर लॉकहार्ट यांच्या गटाने २००८ मध्ये अमेरिकेत २९० जणांचं रक्त तपासलं: नुसतं दात घासल्यावर २३ टक्के जणांच्या रक्तात जिवाणू सापडले, अमॉक्सिसिलिन न देता दात काढल्यावर ६० टक्के, देऊन काढल्यावर ३३ टक्के. हिरडीत राहणाऱ्याची सीरमशी गाठ रोज पडते. त्याने काही ना काही तोड काढलेली असणार हे ओघानेच आलं.

आता जिंजिव्हॅलिस. त्याच्या तीन जिंजिपेनपैकी आरजीपीए आणि आरजीपीबी आर्जिनिननंतर कापतात, केजीपी लायसिननंतर. ही सिस्टीन प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी विकरं, आहेत, सी३, सी४, सी५ सगळ्यांना कापतात. सी५ च्या बाबतीत गंमत अशी की कापताना कामाचा सी५ए मोकळा सुटतो, पण सी५बी पुढे मॅक बांधायच्या लायकीचा राहत नाही. म्हणजे हाक जाते, हत्यार मात्र मोडतं. आलेल्या पांढऱ्या पेशींवरच्या सी५ए-रिसेप्टरला टीएलआर-२ या जिवाणू ओळखणाऱ्या रिसेप्टरशी उलटसुलट बोलायला लावून हा जिवाणू त्यांची मारण्याची ताकद कमी करतो आणि दाह तसाच पेटता ठेवतो. जॉर्ज हाजीशेंगॅलिस आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या कामात थोड्याशा जिंजिव्हॅलिसने उंदरांच्या तोंडातली इतर जिवाणूंची संख्या वाढवली आणि हाड झिजवलं. सी३ए किंवा सी५ए चा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत हाड झिजलं नाही. ज्याला कॉम्प्लिमेंट नुसतं टाळायचं आहे, तो असं वागत नाही. याला दाहातून झिरपणारी प्रथिनं आणि हीम (तांबड्या पेशींतलं लोहयुक्त द्रव्य) खायला हवं असतं.

मग ल्युपेप्टिनने फरक का पडला नाही? त्याची कारणं दोन, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं, ल्युपेप्टिन आरजीपीला चांगलं बंद करतं, केजीपीला तितकं नाही. टीएलसीके हा दुसरा अवरोधक दोन्ही बंद करतं, पण ते कॉम्प्लिमेंटमधल्या सेरीन प्रोटिएजनाही लागू शकतं. म्हणून अवरोधक सीरमच्या नळीत टाकायचा नाही. जिवाणूंना आधी त्यात १५-२० मिनिटं ठेवा, दोनदा हलक्या हाताने धुवा, मग सीरममध्ये घाला. ‘अवरोधक + सीरम + ई. कोलाय’ अशी एक नळी लावा, तिथे ई. कोलाय वाचला तर तुमच्या औषधाने सीरमच मारलं आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जिंजिव्हॅलिसच्या पृष्ठभागावर दोन जातींचं लिपोपॉलिसॅकराइड असतं: नेहमीचं ओ-एलपीएस, आणि ए-एलपीएस नावाचं ऋणभारित पॉलिसॅकराइड असलेलं. डब्ल्यू५० स्ट्रेनवर झालेल्या कामात जिंजिपेन गमावलेले उत्परिवर्ती सीरममध्ये टिकले, पण हे ऋणभारित पॉलिसॅकराइड गमावलेले मेले. मॅकला पडद्यावर नीट बसूच न देणारा आडोसा तो हा. गुंता असा की जिंजिपेन बाहेर आल्यावर याच ए-एलपीएसला टांगलेले असतात. म्हणून पोरआरसारखं, ए-एलपीएस बनवायला लागणारं जनुक मोडलेल्या उत्परिवर्तीत आडोसाही जातो आणि पृष्ठभागावरचे जिंजिपेनही. अशा एका उत्परिवर्तीवरून ‘जिंजिपेन गेले म्हणून मेला’ असं लिहिणं ही या विषयातली सर्वांत सर्रास चूक. जिंजिपेनचं तिहेरी उत्परिवर्ती, ए-एलपीएसचं उत्परिवर्ती आणि जनुक परत घातलेला स्ट्रेन हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

यात आणखी एक पदर आहे. पृष्ठभागावरचा आरजीपीए, ज्याच्या मोठ्या रूपाला एचआरजीपीए म्हणतात, सी४बीपीला पकडून ठेवतो. सी४बीपी हे आपल्याच रक्तातलं प्रथिन, क्लासिकल मार्गाचा लगाम. जिवाणू तो उसना घेऊन अंगावर मिरवतो. आणि या तिन्ही गोष्टींचं वजन जिवाणू किती दाट आहेत त्यावर बदलतं. थोडे जिंजिपेन असले तर ते सी१ ला उलट चेतवतात आणि पृष्ठभागावर कॉम्प्लिमेंट बसायला मदत होते. भरपूर असले तर सगळी साखळीच चिरडतात. त्यामुळे मिलिलिटरला दहा लाख जिवाणू घेणाऱ्याला एक उत्तर मिळतं, शंभर कोटी घेणाऱ्याला दुसरं, आणि दोघेही एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

यावर एक साधी तपासणी आहे आणि ती फारच कमी जण करतात: उरलेल्या सीरमची परीक्षा. तासाभराने नळी चार अंशांवर फिरवून जिवाणू खाली बसवा, वरचं सीरम गाळून घ्या आणि त्यात ताजा ई. कोलाय घाला. तो मेला, तर कॉम्प्लिमेंट शाबूत होतं आणि तुमच्या जिवाणूने ते खरोखर अंगावर घेऊन पचवलं. ई. कोलाय जगला, तर जिवाणूने सीरम संपवलं: कापून, किंवा पुड्यांवर वाया घालवून. या पुड्यांचा, म्हणजे बाह्य पडद्याच्या बुडबुड्यांचा, विसर पडू देऊ नका. जिंजिव्हॅलिसचे बुडबुडे जिंजिपेनने भरलेले असतात, आणि ते घातले तर सीरमला बळी पडणारे दुसरे जिवाणूही वाचतात हे १९९१ पासून माहीत आहे. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पेशींची उत्तरं वेगळी येतात ती यामुळे. किती वेळा धुतलं, किती जोराने फिरवलं, हे वहीत लिहिलेलं नसेल तर तो प्रयोग पुन्हा कुणाला करता येत नाही.

बाकीच्यांच्या तऱ्हा आवश्यक तेवढ्याच सांगतो. ट्रेपोनेमा डेंटिकोला एफएचबीबी या छोट्या लिपोप्रथिनाने फॅक्टर एच धरतो. फॅक्टर एच अल्टरनेटिव्ह मार्गाचा लगाम. तो फॅक्टर आय ला सी३बी कापायला मदत करतो. एफएचबीबी काढून टाकलेला डेंटिकोला सीरममध्ये मरतो. पण याच जिवाणूचा डेंटिलिसिन हा प्रोटिएज फॅक्टर एचला कापतोसुद्धा! म्हणजे आधी लगाम हातात घ्यायचा आणि मग तोडायचा. याचा अर्थ काय लावायचा यावर मतं वेगवेगळी आहेत; खाचेतलं कॉम्प्लिमेंट बेलगाम करून दाह पेटता ठेवणं, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. टॅनेरेला फॉर्सिथियाकडे कॅरिलायसिन आणि मिरोलायसिन आहेत. कॅरिलायसिन मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन आणि फिकोलिन कापून लेक्टिन मार्ग दारातच अडवतो. शिवाय अंगावरचा एस-लेयर (प्रथिनांचं बाहेरचं आवरण) काढला तर हा जिवाणू सीरमला जास्त बळी पडतो. प्रिव्होटेला इंटरमीडियाचा इंटरपेन ए सी३ कापतो आणि जिंजिपेनसोबत ठेवला तर दोघांचं काम बेरजेहून जास्त होतं. अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्सचे बहुतेक स्ट्रेन सीरममध्ये टिकतात. ओएमपी-१०० हे त्याचं बाह्य पडद्यातलं प्रथिन फॅक्टर एच पकडतं, आणि वर गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीसाठी ल्युकोटॉक्सिन तयार असतं.

आता नळी कशी लावायची ते नीट सांगतो, कारण निम्मे वाद इथूनच जन्माला येतात.

सीरम. किमान आठ-दहा निरोगी माणसांचं रक्त, कुठलंही गोठणरोधक नसलेल्या साध्या नळीत. महिनाभरात कुणीही अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी याला पर्याय नाही. खोलीच्या तापमानाला अर्धा तास गोठू द्या, मग बर्फात. चार अंशांवर २,००० जी ला दहा मिनिटं फिरवा. लालसर दिसलं तर ती नळी टाकून द्या. तांबड्या पेशी फुटलेल्या आहेत आणि जिंजिव्हॅलिसला हीम म्हणजे मेजवानीच. बाकीचं एकत्र करून २००-२०० मायक्रोलिटरच्या भागांत लगेच उणे ८० ला ठेवा. उणे २० च्या फ्रीझरमध्ये ठेवलेलं सीरम काही आठवड्यांत ढिलं पडतं. एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही. वितळवणं बर्फात, हातात धरून नाही. प्रत्येक नव्या खेपेचा सीएच५० काढा, म्हणजे प्रतिपिंड लावलेल्या मेंढीच्या निम्म्या तांबड्या पेशी फुटायला किती सीरम लागतं ते बघा.

एकाच माणसाचं सीरम का नको? ज्याच्या हिरड्या कधी काळी सुजल्या होत्या त्याच्या रक्तात जिंजिव्हॅलिसविरुद्ध प्रतिपिंड असतात, आणि क्लासिकल मार्गाचा जोर त्यांवरच असतो. एका माणसाचं सीरम वापरलं तर तुम्ही जिवाणू कमी आणि तो माणूस जास्त मोजता.

जिवाणू. वाढीच्या भर काळातले घ्या, जुन्या कल्चरमधले नकोत. जिंजिव्हॅलिसच्या माध्यमात मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम हेमिन आणि १ मायक्रोग्रॅम मेनाडिओन, ऑक्सिजनविरहित चेंबरमध्ये ८० टक्के नायट्रोजन, १० हायड्रोजन, १० कार्बन डायऑक्साइड. फॉर्सिथियाला वर एन-अ‍ॅसिटाइलम्युरॅमिक आम्ल लागतं. धुतल्यावर जिलेटिन-व्हेरोनल बफरमध्ये मिलिलिटरला ४० लाख करा. बफरमध्ये ०.१५ मिलिमोलर कॅल्शियम आणि ०.५ ते १ मिलिमोलर मॅग्नेशियम हवंच. नेहमीच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट-बफरच्या खारट द्रावणात) ही चाचणी केली की फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, आणि ‘प्रतिरोधक’ जिवाणू फुकटात मिळतात. कित्येकदा सगळा घोळ एवढाच असतो.

१०० मायक्रोलिटरची नळी धरा. प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर जिवाणू. २० टक्क्यांसाठी सीरम २०, बफर ३०. ५० टक्क्यांसाठी सीरम ५०, बफर शून्य. तापवलेल्या सीरमची जोडी दोन्हींना. ५६ अंश, ३० मिनिटं, तेही पाण्याच्या बाथमध्ये. कोरड्या ब्लॉकमध्ये नळीचा वरचा भाग थंड राहतो. तापवल्याने मुख्यतः सी२ आणि फॅक्टर बी जातात, प्रतिपिंड आणि सीरममध्ये चुकून आलेलं अँटिबायोटिक मात्र बहुतेक तसंच राहतं, म्हणून ही जोडी इतकी कामाची. ही युक्ती ज्यूल बॉर्डे यांच्या काळापासूनची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. त्यांना १९१९ चं नोबेल मिळालं ते याच धाग्यातल्या कामासाठी.

तुमचं २० टक्के सीरम कमी आहे. सीरम पातळ केलं की अल्टरनेटिव्ह मार्ग क्लासिकलच्या खूप आधी मावळतो; १० टक्क्यांच्या खाली तो जवळपास दिसत नाही, तर क्लासिकल एक टक्क्यालाही काम करतो. खाचेत सीरम जवळजवळ निव्वळ असताना नळीत २० टक्के घेणं म्हणजे एका मार्गाला अर्धं झोपवून प्रयोग करणं. १०, २० आणि ५० टक्के असे तिन्ही लावा. मार्ग वेगळे करायचे तर १० मिलिमोलर ईजीटीए आणि सोबत मॅग्नेशियम घाला: कॅल्शियम जातं, क्लासिकल आणि लेक्टिन बंद, अल्टरनेटिव्ह चालू. १० मिलिमोलर ईडीटीएने तिन्ही बंद. ईडीटीए ग्रॅम-निगेटिव्हचा बाह्य पडदा स्वतःच सैल करतो, तेव्हा त्याचीही सीरमविना एक नळी हवी.

३७ अंश, शून्य, ३० आणि ६० मिनिटांना १० मायक्रोलिटर काढून लगेच ९९० मायक्रोलिटर बर्फगार बफरमध्ये. पसरण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सीरममधले प्रतिपिंड आणि सी३बी पेशींचे पुंजके करतात, आणि वीस पेशींचा पुंजका प्लेटवर एकच वसाहत म्हणून उगवतो. ९५ टक्के मारल्यासारखं दिसतं, मेलेलं एकही नसतं. पुंजके दिसले तर दोन-तीन सेकंद हलकं सोनिकेशन द्या. तितक्याने पेशी मरत नाहीत हे नियंत्रणात दाखवून. अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्सचे खरबरीत स्ट्रेन तर नळीच्या भिंतीलाच चिकटतात. ते सीरममध्ये घालण्याआधी दहा मिनिटं उभे ठेवा आणि वरचा गढूळ भागच घ्या. जिंजिव्हॅलिसच्या काळ्या वसाहतींना सात ते दहा दिवस द्या. पाचव्या दिवशी मोजून मोकळं होणाऱ्याला सीरमने दुखावलेल्या, उशिरा उगवणाऱ्या पेशी दिसतच नाहीत. डेंटिकोलाच्या वसाहती मोजण्यात वेळ घालवू नका. डार्क-फील्डमध्ये हलणारे, थिजलेले आणि फुटलेले असे वेगळे मोजा.

हवेचा प्रश्न दिसतो त्याहून वाकडा आहे. जिंजिपेन सिस्टीन प्रोटिएज असल्याने ते ऑक्सिजनात मंदावतात आणि क्षपणकारी वातावरणात जोरात चालतात. बाकावर उघड्यावर केलेल्या प्रयोगात जिवाणूचं मुख्य हत्यार बोथट होतं. शक्य असेल तर सगळं चेंबरमध्ये करा, बफर आदल्या रात्रीपासून आत ठेवून. डीटीटीसारखा क्षपणकारी पदार्थ सीरममध्ये घालू नका. कॉम्प्लिमेंटची प्रथिनं आणि आयजीएम जातीचे प्रतिपिंड डायसल्फाइड बंधांवर उभी असतात, तीच सुटतील.

मेलेले-जिवंत ओळखायला प्रोपिडियम आयोडाइड हा रंग वापरणाऱ्यांसाठी एक टीप. मॅकने बाह्य पडद्याला भोक पाडलं म्हणून हा रंग आत जात नाही. आतला पडदा फुटला तरच जातो. युट्रेख्टच्या सुझान रुइयाकर्स यांच्या गटाने दाखवलं आहे की मारणारा मॅक तयार व्हायला सी५ फोडणारं यंत्र जिवाणूच्या अंगावरच असावं लागतं. लांबून तरंगत आलेला मॅक बसतो, पण आतला पडदा शाबूत राहतो. म्हणून ‘सी५बी-९ बसला’ हा फ्लो-सायटोमेट्रीचा आलेख म्हणजे ‘मेला’ नव्हे.

साखळी कुठे तुटली हे बघायचं तर सी३ चा ब्लॉट करा, म्हणजे प्रथिनांचे तुकडे जेलवर आकारानुसार वेगळे करून सी३ चे तुकडे प्रतिपिंडाने ओळखा. अंगावरचा सी३बी एस्टर बंधाने जोडलेला असतो, नुसतं एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळून तो सुटत नाही. एक मोलर हायड्रॉक्सिलअमिन, पीएच ९ ते १०, ३७ अंश, एक तास. मग क्षपणकारी जेलवर ७५ किलोडाल्टनची बीटा साखळी सगळीकडे सारखी दिसेल, ती तुमची टेकू-पट्टी. सी३बी शाबूत असेल तर ११० च्या आसपास अल्फा-प्राइम दिसते. ती गायब होऊन ६८ आणि ४३ ला पट्ट्या आल्या, तर फॅक्टर आय ने ती पद्धतशीर कापली, म्हणजे जिवाणूने फॅक्टर एच किंवा सी४बीपी पकडलेला आहे. या दोन्ही सोडून भलत्याच उंचीवर तुकडे पसरलेले दिसले आणि बीटाही फिकट पडली, तर ते जिंजिपेनचं काम. वेगवेगळ्या उंचीच्या या तीन चित्रांतून जे कळतं ते पन्नास प्लेटा मोजूनही कळत नाही. फक्त ब्लॉटसाठी घेतलेल्या पेशींना काढण्याच्या क्षणीच प्रोटिएज-अवरोधक द्या, नाहीतर जिंजिपेन तुमच्या नमुन्याला जेलवर चढेपर्यंत खात राहतात.

सँग्विनिससाठी अख्ख्या रक्ताची चाचणी लावा, पण गोठणरोधक म्हणून हिरुडिन, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. ईडीटीए आणि सायट्रेट कॅल्शियम काढून कॉम्प्लिमेंटच झोपवतात, हेपरिनही त्यात ढवळाढवळ करतं. ताजं रक्त मिळत नसेल तर एचएल-६० (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींना ०.८ टक्के डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये चार-पाच दिवस ठेवून न्यूट्रोफिलसारख्या करा, त्यात १० टक्के सीरम आणि दर पेशीमागे एक ते दहा जिवाणू. सीरम असलेली आणि नसलेली, पेशी असलेल्या आणि नसलेल्या, अशा चारही जोड्या लावल्या की कॉम्प्लिमेंटचा वाटा वेगळा दिसतो.

हे वाचून ‘मग हिरडीत कॉम्प्लिमेंट वाढवलं तर जिवाणू मरतील’ असं कुणाच्या मनात येत असेल, तर निसर्गाने तो प्रयोग आधीच करून ठेवला आहे. पिरियोडॉन्टल एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम या आनुवंशिक आजारात सी१ चेच भाग असलेल्या सी१आर किंवा सी१एस ची जनुकं अशी बिघडलेली असतात की क्लासिकल मार्ग बाहेरून चिथावणी नसतानाही चालू राहतो. २०१६ मध्ये ती ओळखली गेली. या माणसांच्या हिरड्या निरोगी नसतात. किशोरवयातच दातांभोवतीचं हाड झपाट्याने झिजतं. म्हणून औषधाचे प्रयत्नही उलट दिशेने चालले आहेत: सी३ अडवणारं एएमवाय-१०१ हिरडीत टोचून केलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत हिरडीचा दाह कमी झाला. जिवाणूला मारायला निघालेलं सीरमच त्याला खायला घालत असतं. तेव्हा तुमच्या निकालात ‘टिकला’ या शब्दाच्या पुढे तो कशामुळे टिकला आणि नळीत कॉम्प्लिमेंट किती उरलं, हे दोन रकाने लगेच काढून ठेवा.